सटाण्याच्या घरावरचं नाव

आमचे घरमालक फार सज्जन. त्यांनी आम्हाला घरातून काढलं, तेसुद्धा पेढे देऊन.

नाशिकरोडला त्यांच्या दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती कॉलेजात गेली, माझे केस गेले, सगळं त्याच दोन खोल्यांत. गुढीपाडव्याच्या सकाळी मालक पुडा घेऊन वर आले. मला वाटलं, नातू झाला. मी पेढा तोंडात टाकला आणि मग कळलं की इमारत पाडून तिथे टॉवर होणार आहे, त्याचा हा आनंद. पावसाळ्याच्या आत जागा मोकळी हवी, असं त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं. पेढा गिळता येईना आणि थुंकताही येईना. शेवटी त्यांचं अभिनंदन केलं.

दुसरी भाड्याची जागा बघायला निघालो तेव्हा समजलं, की आपण जुन्या भाड्यात राहत होतो म्हणजे जवळपास धर्मशाळेत राहत होतो. बायकोनं चार ठिकाणं पाहिली आणि पाचव्या ठिकाणी जिन्यातच थांबली. आता भाड्यानं नको, म्हणाली. पुन्हा कुणी पेढे घेऊन आलं तर तिला ते सोसणार नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. वय पन्नास उलटलेलं. हे वय लग्नात पुढच्या खुर्चीवर बसायला उत्तम, पण कर्ज मागायला अत्यंत वाईट. बँकेच्या हिशेबात मी माणूस नव्हतोच, मी म्हणजे उरलेली नोकरी होतो. उरलेली नोकरी थोडी, म्हणून कर्जाची मुदत थोडी, म्हणून हप्ता एवढा, की तो भरल्यावर आम्ही नव्या घरात बसून उपास करणार. तीन बँकांतून मी हे वेगवेगळ्या सुरांत ऐकलं. तिसरीतल्या तरुणानं तर विचारलं, "सर, आधी का नाही घेतलंत?" मी म्हटलं, सुचलं नाही. त्याला ते पटलं.

मग सुरू झाला योजनांचा शोध. सरकार घराला मदत करतं, व्याजात सूट देतं, हे मी ऐकून होतो. आता ऐकलेलं हातात हवं होतं. माझ्यासारख्या माणसाला शोधाचं काम दिलं की तो नाटक कंपनी काढतो. मी सकाळी कारखान्यात जाण्याआधी एक टप्पा, सुटल्यावर एक टप्पा असा दौरा लावला. सरकारी घरांच्या सोडतीत आमचा पगार एका गटाला जास्त आणि दुसऱ्या गटातली घरं आमच्या पगाराला जास्त. नगरसेवकाच्या कार्यालयात एका गृहस्थानं सांगितलं की योजना बंद झाली. त्याच्याच शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थानं सांगितलं की ती परवाच पुन्हा सुरू झाली. दोघं एकमेकांकडे न बघता चहा पीत होते. एका मंगल कार्यालयात गृहकर्ज मेळावा होता, तिथे मला कापडी पिशवी, टोपी आणि पेन मिळालं. कर्ज सोडून सगळं मिळालं. एक एजंट भेटला, त्यानं आधी फी मागितली आणि मग योजनेचं नाव विचारलं, म्हणजे मलाच.

शेवटी चौथ्या बँकेत एक बाई भेटल्या. त्यांनी खुर्ची दिली, कागद मागितले आणि चक्क वाचले. आवास योजनेतून व्याजावर सूट मिळाली तर हप्ता आवाक्यात येतो, असं त्या म्हणाल्या. अट अशी की घर बायकोच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर हवं. मला काहीच अडचण नव्हती. माझ्या नावावर आजवर फक्त गॅसचं कनेक्शन होतं.

घरही सापडलं होतं. पाथर्डी फाट्याच्या पुढे, एका नव्या इमारतीत, कुणीतरी बुकिंग सोडलेला एक बेडरूमचा फ्लॅट. खिडकीतून द्राक्षांची एक उरलीसुरली बाग दिसत होती. बिल्डरनं महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणून शब्द दिला, त्यापुढे नाही. म्हणजे एकीकडे पाऊस, दुसरीकडे महिनाअखेर, आणि मध्ये आम्ही तिघं. मी दिवसभर विनोद करत होतो. कारखान्यातले लोक म्हणायचे, तुम्ही फार मजेत असता. रात्री मी उठून हप्त्याचं गणित पुन्हा पुन्हा मांडत होतो.

तर बँकेतला तो दिवस. मी बायकोला रिक्षात बजावलं होतं, की विचारतील तेवढंच बोल. बाईंनी एक एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुटुंबात कोण कोण, पगार किती, आधी कुठल्या योजनेचा लाभ घेतला का. आम्ही शाळेतल्या मुलांसारखी उत्तरं देत होतो. मग त्यांनी विचारलं की तुमच्या दोघांपैकी किंवा मुलीच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर आहे का.

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या शेजारी एक पदर सावरला गेला.

"आहे ना," बायको म्हणाली. "सटाण्याला. चांगलं दोन मजली, स्लॅबचं."

बाईंचं पेन थांबलं. बायकोला वाटलं, बाईंना कौतुक वाटतंय. मग ती रंगात आली. तिचे वडील गेल्यावर भावानं घराच्या आणि शेताच्या उताऱ्यावर आईचं, स्वतःचं आणि हिचं अशी तिन्ही नावं लावून घेतली. आमच्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. वडील गेले की बहिणींना बोलावतात, पुरणाचं जेवण घालतात, साडी नेसवतात आणि हक्कसोड पत्रावर सही घेतात. म्हणजे माझा या घरात हिस्सा नाही, असं बहिणीनं राजीखुशीनं लिहून द्यायचं. माझ्या मेहुण्यानं ते केलं नाही. उलट चुलतभावानं बहिणींच्या सह्या घेतल्या तेव्हा त्याला भर भावकीत सुनावलं होतं. बायको हे सगळ्यांना सांगते. भाजीवालीला सांगितलंय, दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं असताना सांगितलंय. मग बँकेत का नाही सांगणार?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, मग तुम्हाला ही योजना लागू होत नाही."

हिश्श्याचं आहे, तिथे आम्ही राहत नाही, असं मी बोलून पाहिलं. मला एकट्याला कर्ज द्या, असंही म्हणालो. पण नवरा, बायको, लग्न न झालेली मुलं हे सगळं एकच कुटुंब, आणि कुटुंबात कुणाच्याही नावावर पक्कं घर नाही असं प्रतिज्ञापत्र लागतं. शेतात नाव असेल तर चालतं, घरावर चालत नाही. नाव कमी करून आणलंत तर बघता येईल, असं त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन मी आणखी एक सुचवलं. पाचवी बँक, आणि तिथे गप्प बसायचं.  भावानं एवढं केलं ते लपवून खोट्या कागदावर सही करू का, असं बायकोनं विचारलं, आणि मी तो विषय तिथेच रस्त्यावर सोडला.

रविवारी आम्ही सटाण्याची एसटी धरली. सोग्रस फाट्यावरून गाडी देवळ्याकडे वळली तोवर मी बोलत होतो. नाव काढायला काय लागतं, फक्त सही. शेतातलं नाव तसंच राहील. तुझा हक्क कुणी खाणार नाही. बायकोनं सगळं ऐकलं.

"भाऊबीजेला मी शेतात उतरणार आहे का?" ती म्हणाली. मग खिडकीबाहेरच्या कांद्याच्या चाळींकडे बघतच पुढे म्हणाली, "आत्ता एका ठिकाणी तरी नाव आहे. ते काढायचं, आणि तिकडे लागलंच नाही तर?"

 सूट मंजूर होईल असं बँकही सांगत नव्हती. आधी हातातलं सोडा, मग बघू, असा तो मामला होता.

माझा मेहुणा बायकोपेक्षा लहान. कांद्याचा व्यापारी, बोलणं मोठं, मन त्याहून मोठं, राग सगळ्यांत मोठा. त्याला वाटलं आम्ही सहज आलो. जेवणं झाल्यावर मी विषय काढला, आणि तो असा उठून उभा राहिला, की मी दार कुठे आहे ते पाहून घेतलं.

"दाजी, सही घ्यायला भाऊ येतो. इथं बहीण सही द्यायला आली, हे मी पहिल्यांदा बघतोय." मग तो बहिणीकडे वळला आणि त्याची भाषा एकदम गावाकडची, अहिराणी झाली. "आक्का, हाई घर तुन्हं शे. कोणी काही बोललं का तुला?"

कुणी काही बोललं नाही, हे तिनं परोपरीनं सांगितलं. योजना काय, अट काय, पाऊस कधी येतो, सगळं सांगितलं. त्याला ते समजलं. समजलं हीच पंचाईत, कारण आता त्याला चिडायलाही कुणी उरलं नाही. त्याची अडचण खरी होती. ज्या चुलतभावाला त्यानं भावकीसमोर झाडलं होतं, तो समोरच्याच घरात राहतो. उद्या बहिणीनं हक्कसोड दिली हे कळलं की तो ओट्यावर बसून हसणार. त्यात मेहुण्याच्या मुलाचं लग्न ठरत आलेलं. मुलीकडच्यांना हे घर आवडलं होतं ते याच गोष्टीवरून, की इथे लेकीबाळींचा मान ठेवतात. सरकारी योजनेसाठी बहिणीनं नाव काढलं, यावर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नसता.

तो नाही म्हणाला. निघताना त्यानं आमच्या हातात कांद्याची गोणी दिली. घर मिळेना, पण कांदे ठेवायला जागा हवी, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

पुढचे दिवस मी सांगत नाही, कारण ते सांगण्यासारखे नव्हतेच. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू गेले. मालकांनी अंगणातला आंबा तोडला. मी भाड्याच्या जागा बघत हिंडलो आणि प्रत्येक ठिकाणी मालकाच्या तोंडाकडे बघून हा पेढे कधी आणेल याचा अंदाज घेत राहिलो. मुलीनं एकदा विचारलं की सामान कुठल्या खोक्यांत भरायचं.  बायको सटाण्याबद्दल बोलायची थांबली होती, भाजीवालीशीसुद्धा.

महिनाअखेर जवळ आली तेव्हा मेहुण्याचा फोन आला. बायकोला नाही, मला. त्याला उपाय सापडला होता.

"दाजी, दोष तुमच्यावर टाकू," तो म्हणाला.

त्याची योजना सरकारच्या योजनेपेक्षा सोपी होती. भावकीतली चार वडीलधारी माणसं जेवायला बोलवायची. त्यांच्यासमोर जावई हट्टाला पेटणार. माझ्या बायकोचं नाव या घरावर नको, मी माझ्या हिमतीवर तिला घर घेतो, सासरचं उपकाराचं ओझं नको, असं काहीबाही बोलणार. भाऊ विरोध करणार, हातापाया पडणार. जावई ऐकणार नाही. मग बहीण नवऱ्यासाठी सही करणार. भावाचा मान राहील, बहिणीचाही राहील. जावयाचा जाईल, पण जावई नाशिकला राहतो.

मला सांगायला लाज वाटत नाही, मला ती भूमिका भयंकर आवडली. गेले दोन महिने मी प्रत्येक टेबलापुढे हात जोडून बसलो होतो. आता कुणीतरी मला ओरडायला सांगत होतं. बायकोला मात्र हे मुळीच आवडलं नाही. पण बिल्डरचा शब्द संपायला आला होता आणि दुसरा रस्ता तिलाही दिसत नव्हता. तिची एकच अट होती, की आईला आधी सांगायचं. भाऊ म्हणाला, आईच्या पोटात काही राहत नाही, नंतर सांगू.

रविवारी मंडळी जमली. ओट्यावर सतरंजी, आत खापरावरच्या पुरणपोळ्या. सासूबाई जावयाच्या पानात तुपाची वाटी रिकामी करतात, हा त्या घरचा नियम. पहिली पोळी मी तुपात बुडवून खाल्ली आणि बोलायला सुरुवात केली.

पहिली चार वाक्यं ठरल्याप्रमाणे झाली. मेहुण्यानं आपलं काम झकास केलं. तो खरोखर हात जोडून उठला. वडीलधाऱ्यांपैकी एकानं मला समजावलं, नाव राहू द्या, नावाला काय खायला लागतं. आणि तिथे माझी गाडी रुळावरून उतरली. नुसत्या नावाचा काय उपयोग, असं मी म्हणालो. आम्ही वीस-बावीस वर्षं दोन खोल्यांत काढली, तेव्हा या दोन मजल्यांतली एक वीट तरी आमच्या कामाला आली का? उताऱ्यावर नाव लावून सगळ्या तालुक्यात मोठेपणा मिळवला, आणि बहीण आज रस्त्यावर येतेय तर ते नावच आमच्या गळ्यात अडकलंय. हे सगळं मी मोठ्यानं, हातवारे करून बोललो. यातलं एकही वाक्य ठरलेलं नव्हतं.

ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी हातातले घास पानात ठेवले. समोरच्या घराच्या दारात चुलतभाऊ उभा होता, तोसुद्धा हसला नाही. मेहुणा माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटलं तो आता पुढचं वाक्य विसरला. सासूबाई दुसरी पोळी घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी ती माझ्या पानाच्या वरून तशीच नेली आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या पानात वाढली. तूप माझ्याकडे परत आलं नाही.

बायको आतल्या दाराशी उभी होती. तिचं वाक्य होतं, 'यांच्या मनासारखं होऊ द्या.' ती ते बोलली नाही. रडत होती आणि नुसती मान हलवत होती. मंडळींना तेवढं पुरलं.

सोमवारी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सही झाली. तिथे मेहुण्यानं साडी आणली नव्हती. साडी दिली तर सही घेतल्यासारखं होईल, असं त्याचं म्हणणं. अंगठे झाले, फोटो झाले. फोटोत बायको कॅमेऱ्याकडे बघत नाही.

परतीच्या वाटेवर देवळा मागे पडलं. मग तिनं विचारलं, "काल तुम्ही जे बोललात, ते सगळं तुमचं आणि भाऊचं ठरलं होतं ना?"

मी म्हटलं, हो, नाटकच होतं ते.

"मग इतकं सरसर कसं आलं?"

मी कंडक्टरकडे सुटे पैसे मागायला वळलो. सुटे पैसे माझ्या खिशात होते.

नवा उतारा हातात पडला तेव्हा बिल्डरची मुदत संपून चार दिवस झाले होते. मी त्याच्या कार्यालयात जाऊन एवढा हसलो, एवढे किस्से सांगितले, की त्यानं कंटाळून आणखी आठवडा दिला. बँकेच्या बाईंनी उतारा पाहिला, प्रतिज्ञापत्र करून घेतलं, कर्ज मंजूर झालं आणि व्याजातल्या सुटीचा अर्ज पुढे गेला. सूट मिळेल की नाही हे कळायच्या आधीच आम्ही सामान हलवलं, कारण मालकांचं यंत्र दारात येऊन उभं होतं. दोन महिने पूर्ण हप्ता भरला. त्या दोन महिन्यांत काय खाल्लं ते आठवत नाही, कांदा मात्र भरपूर होता. मग एका दुपारी, मी बेअरिंगची खोकी मोजत असताना, मोबाइलवर सूट मंजूर झाल्याचा निरोप आला. आसपास कुणी नव्हतं म्हणून मी तो खोक्यांना वाचून दाखवला.

मेहुणा घर बघायला आला तो मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मी त्याला बेडरूम दाखवली, द्राक्षांची बाग दाखवली, नळ सोडून दाखवला. त्याला सगळं आवडलं. सासूबाईंना तू ते नाटकाचं सांगितलंस का, असं मी हळूच विचारलं. राहूनच गेलं, असं तो म्हणाला, आणि सोफ्यावर बसून बहिणीला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता आम्ही तिघं मिळून हसणार. ती पुरणपोळी, तो चुलतभाऊ, सगळं एकदा पुन्हा करून दाखवायची मी मनात तयारीही केली.

"आक्का," तो म्हणाला, "इथं सरकारनं तुझं नाव लावायला लावलंय, ते बरं झालं. दाजी किती का हट्टाला पेटेनात, इथली सही कुणाला द्यायची नाही."

तो माझ्यासमोर बोलत होता, आणि अगदी गंभीरपणे. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, की आता हसेल, मग हसेल. मग बायकोकडे बघितलं.

"नाही देणार," ती म्हणाली, आणि त्याच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला. माझा आत स्वयंपाकाच्या ओट्यावर होता. मी उठून आणला.